सहा हजाराचा उजेड

बैलगाडीच्या आखाला टांगलेला कंदील गाडीवानाला रस्ता दिसावा म्हणून नसायचा. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या कंदिलाचा उजेड पडायचा तो दोन चाकांच्या मधल्या धुळीवर, फार तर मागं चार हात. पुढं बैलांच्या पायात काळोखच. बैलांना वाट पाठ असायची आणि गाडीवान घोंगडं पांघरून पेंगत असायचा. कंदील होता तो दुसऱ्यासाठी. समोरून येणाऱ्याला, मागून येणाऱ्याला, "हितं गाडी हाय बाबा" एवढं कळावं म्हणून. रात्री माळावरून बघितलं तर कंदील नीट दिसायचा नाही, त्याच्या उजेडात फिरणाऱ्या चाकाच्या आऱ्या तेवढ्या दिसायच्या, आणि त्या फिरण्यावरून गाडी भरलेली की रिकामी ते म्हातारी माणसं ओळखायची.

म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याची कामं दोन. आपल्याला दिसायचं आणि आपण दुसऱ्याला दिसायचं. आमच्या कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर हे दिवे कसकसे बदलत गेले ते काही मी थोरल्यांच्या तोंडून ऐकलं, पुष्कळसं डोळ्यांनी बघितलं. दर खेपेला दिवा मोठा झाला, पांढरा झाला. आणि आपल्याला जास्त दिसायच्या नादात समोरच्याला दिसेनासं कधी झालं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रस्ता तसा जुनाच. कऱ्हाडहून मल्हारपेठ, पाटण, हेळवाक असं कोयनेच्या कडेकडेनं वर जायचं आणि कुंभार्ली घाटानं पोफळीला उतरायचं की कोकण. खालून वर मासळी आणि आंब्याच्या पेट्या, वरून खाली गूळ, साखर, कांदा, धान्य. हे सगळं रात्रीचंच चालायचं, कारण मासळीला ऊन सोसत नाही आणि आंब्यालाही.

आजोबांच्या तोंडी पहिल्या मोटारींचा विषय निघाला की कार्बाइडचा वास यायचाच. कार्बाइडच्या डब्यात पाणी ठिबकलं की गॅस तयार होतो, तो जळतो, आणि पांढराशुभ्र उजेड पडतो. जगभरच्या पहिल्या मोटारींना असलेच दिवे होते. इकडं ते सायकलीला बघितलेले आजोबांना आठवत होते. सायकलीला दिवा नसला तर पोलीस अडवायचा, हवा सोडायचा, हे तर आमच्याही वेळेपर्यंत होतं. मग दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी आल्या. त्यांचे दिवे चढाला निम्मे व्हायचे म्हणे. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, आणि पुढं काही वर्षांत ती आमच्याही खोऱ्यात आली.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, साठच्या दशकात एसटीत ड्रायव्हर म्हणून लागले आणि अठ्ठावन्न पुरी झाल्यावर उतरले. त्यातली निम्मी नोकरी घाटात गेली. त्यामुळं मी दिव्यांबद्दल जे काही सांगतो त्यातलं रस्त्यावरचं आबांचं, आणि पुस्तकातलं मी नंतर वाचून पडताळलेलं.

गावात रात्री मुक्कामाची गाडी यायची. खिंडीतून तिचा उजेड आधी वडाच्या शेंड्यावर पडायचा, मग शाळेच्या कौलावर, मग चावडीच्या भिंतीवर सरकत यायचा. रंग हळदीचा. पिवळा म्हणजे आजारी पिवळा नव्हे, तव्यावरच्या भाकरीला पदर सुटताना जी झाक येते तशी. त्या उजेडात माणूस माणसासारखा दिसायचा. रानातून आलेली बाई, तिच्या डोक्यावरचा भारा, वासराचं दावं, सगळं आपापल्या रंगात. ट्रकचे दिवे त्याहून तांबूस, कारण बल्ब जुने आणि वायरी गंजलेल्या. जीपचे जवळजवळ. रात्री अंगणात बाजेवर पडून कुठली गाडी चाललीय ते आम्ही नुसत्या उजेडावरून सांगायचो.

हा रंग येतो कुठून, हे लोहाराच्या भात्यापुढं बसल्यावर कळतं. फाळ भट्टीत घातला की आधी गुंजेसारखा लाल होतो, मग केशरी, मग पिवळा, आणि भाता जोरात ओढला तर पांढरा पडून ठिणग्या उडायला लागतात. कुठल्या रंगावर घाव घालायचा आणि कुठल्यावर पाण्यात बुडवायचा हे लोहार डोळ्यानं ठरवतो. त्याच्याकडं थर्मामीटर नसतो, रंग हाच थर्मामीटर. शास्त्रज्ञांनी याच गोष्टीला आकडे दिले. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. कंदिलाची वात साधारण १९०० केल्विन. आबांच्या एसटीचा तारेचा बल्ब २७०० ते २८००. दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. आकडा जसा चढेल तसा रंग पिवळ्याकडून पांढऱ्याकडं आणि पांढऱ्याकडून निळ्याकडं जातो. गंमत अशी की ज्याला आपण गार उजेड म्हणतो तो भट्टीच्या हिशेबानं जास्त तापलेला असतो.

एक ध्यानात ठेवायचं. हा आकडा रंगाचा आहे, उजेड किती पडतो त्याचा नाही. पुढं सगळा घोळ इथंच झाला.

दुचाक्यांची कथा वेगळीच. राजदूत, येझदी या फटफट्या सहा व्होल्टच्या. पुढं दूधवाल्यांच्या एम-८० आल्या. तिचा दिवा इंजिनावर चालायचा. रेस दिली की उजेड, गिअर टाकताना मूठ सोडली की अंधार. म्हणून आमचा दूधवाला पहाटे ओढ्याच्या वळणावर, जिथं सावकाश जायला हवं, तिथंच नेमकी रेस वाढवायचा. कॅनच्या खडखडाटासकट तो उजेड असा फुगत आणि आक्रसत यायचा की कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत, ओळखायची.

१९७१ च्या लढाईत मी शाळेत होतो. ब्लॅकआउट म्हणून खिडक्यांना काळे कागद लागले. कोयनेचं धरण आणि वीजघर जवळ, त्यामुळं आमच्या खोऱ्यात जरा जास्तच धाक. गाड्यांच्या दिव्यांना काळा रंग फासला गेला. लढाई चौदा दिवसांत संपली, पण काळा रंग काही गेला नाही. पुढं कित्येक वर्षं ट्रक, जीप, टॅक्सी यांच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी असायची. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून, असं सांगायचे. हेतू चांगला होता. पण दोन तारांच्या ज्या बल्बात डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, त्या बल्बाचा डिपरचा उजेड वाटीमुळं खाली जातच नाही. तो फक्त वरच्या अर्ध्या आरशावर पडतो आणि तिथून रस्त्यावर उतरतो. म्हणजे वरची काच काळी केली की मरायचा तो डिपरच. अप्पर मात्र जिता राहायचा. मग ड्रायव्हर काय करणार? डिपरमध्ये काही दिसत नाही म्हणून अप्परवरच चालवणार. समोरच्याचे डोळे वाचवायला लावलेल्या रंगानं समोरच्याच्याच डोळ्यांत उजेड गेला.

आता घाट. कुंभार्लीत जून ते सप्टेंबर जे धुकं उतरतं त्याला धुकं म्हणणंसुद्धा कमीच. गाडीचं बॉनेट दिसत नाही. आबा सांगायचे, "अप्पर लावला की फुडं पांढरी भित्ताड उभी ऱ्हाती. डिपर लावला की भित्ताड बसती. निस्ता पार्किंग लावला की कवा कवा रस्ता दिसतो." लईच झालं तर कंडक्टर खाली उतरून तीन सेलांची बॅटरी घेऊन कडेनं चालायचा आणि गाडी त्याच्या मागनं बैलासारखी. बांधकाम खात्यानं कठड्याचे दगड चुन्यानं रंगवलेले आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेले असायचे. तोच दिवा.

ट्रकवाले धुक्यात दिव्याच्या काचेवर पिवळा जिलेटिनचा कागद लावायचे. लग्नाच्या मांडवातल्या पताकांचा कागद, तोच. पिवळा उजेड धुकं फाडतो अशी सगळ्यांची खात्री. आणि ही खात्री काही आमच्याच ड्रायव्हरांची नव्हती. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असले पाहिजेत असा कायदा होता, आणि तो १९९३ पर्यंत टिकला. अख्ख्या देशाचे दिवे पन्नासवर वर्षं पिवळे.

पण पिवळा धुकं फाडतो का? चुलीचा धूर काळ्या कौलापुढं बघा, निळसर दिसतो. धुराचे कण अगदी बारीक असतात, ते उजेडातला निळा भाग जास्त उधळतात. आभाळ निळं दिसतं तेही तसल्याच कारणानं. धुक्याचा थेंब मात्र त्या मानानं ढोबळ. तो निळा, पिवळा, तांबडा असा भेद करत नाही, सगळेच सारखे उधळतो. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. तेव्हा पिवळा कागद धुकं फाडत नव्हता. तो दोन गोष्टी करायचा. बल्बातला थोडा उजेड खायचा, त्यामुळं पुढची भिंत जरा फिकी पडायची. आणि डोळ्यांना जास्त टोचणारा निळा भाग काढून टाकायचा, त्यामुळं तीन तास घाटात डोळे ताणणाऱ्या माणसाला आराम पडायचा. खरा फरक पडायचा तो दिवा खाली, बंपरपाशी बसवला आणि झोत रस्त्याकडं ठेवला की. आबांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे कागद लावावाच की." शास्त्र त्यांच्या बाजूनंच निघालं, मी काय बोलणार.

हॅलोजन आमच्याकडं आधी आला तो लग्नात. मांडवाच्या खांबावर बांधलेला तो लांबुळका दिवा, ज्याच्यापुढं किडे मरून पडायचे. गाड्यांना तो युरोपात १९६२ लाच लागला होता, आणि दोन तारांचा एच-४ हा बल्ब १९७१ ला निघाला. आमच्या रस्त्यावर तो दिसायला ऐंशीचं दशक उजाडलं. जुन्या बल्बात तार तापून तिची वाफ व्हायची आणि काचेला आतून काजळी धरायची, कंदिलाच्या काचेसारखी. ती पुसताही येत नाही. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनची अशी काही करामत असते की उडालेलं टंगस्टन परत तारेवरच येऊन बसतं. काच स्वच्छ राहते आणि तार जास्त तापवता येते. ३२०० केल्विनच्या आसपास. पिवळेपणा उरतो, पण लोण्यासारखा. मला विचाराल तर आमच्या रस्त्यावर पडलेला सगळ्यांत शहाणा उजेड हाच. साठ वॅटचा अप्पर, पंचावन्नचा डिपर, डिपरच्या उजेडाला वर सुरीनं कापल्यासारखी कड, आणि आपण डावीकडनं चालतो म्हणून ती कड डाव्या अंगाला जरा वर चढलेली, कडेचा माणूस दिसावा म्हणून.

पण माणसाला पुरत नाही. साठचा आला तर शंभरचा पाहिजे. बाजारात शंभर-नव्वदचे, एकशेतीस-नव्वदचेही बल्ब मिळायला लागले. कायद्यात न बसणारे, पण दुकानात उघड्यावर. ते लावले की आठ दिवस राजा, मग होल्डर वितळायचा, स्विच जळायचा, आणि दिव्याच्या आतल्या आरशाची चकाकी जायची, भांड्याची कल्हई उडते तशी. आरसा काळवंडला की शंभर वॅटचा बल्ब साठच्या खाली येतो. पैसे जास्त, वीज जास्त, उजेड कमी. असले दिवे घेऊन हिंडणारे ट्रक मी अजूनही बघतो.

मग खोक्यांवर केल्विन आला.

कऱ्हाडात ऑटो इलेक्ट्रिकच्या एका दुकानात आबांसोबत गेलो होतो. जीपचा बल्ब गेला होता. दुकानदारानं दोन खोकी पुढं टाकली. "आबा, ह्यो साधा. आन् ह्यो सहा हजाराचा."

आबा उठलेच. "सहा हजार? जीप केवढ्याची हाय ते ठावं हाय का तुला?"

"किंमत न्हवं ओ. उजेड. सहा हजार उजेड हाय ह्याचा. साध्याचा तीनच हजार."

असा सौदा सबंध महाराष्ट्रात झाला असणार. तीन हजारापेक्षा सहा हजार दुप्पट, आठ हजार त्याहून भारी. दुकानदार लबाड नव्हता, त्यालाही तसंच वाटत होतं. आता लोहाराच्या भट्टीकडं परत जाऊ. बल्बातली तार टंगस्टनची. टंगस्टन वितळतं ३४२२ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३६९५ केल्विनला. मग ज्या बल्बात तार आहे तो सहा हजार केल्विनला पोचणार कसा? त्याच्या आधीच तारेचं पाणी होईल. उत्तर काचेवरच होतं. काच निळी केलेली. आत तीच ३२०० ची तार, आणि बाहेरून निळ्या काचेनं तिचा पिवळा-तांबडा भाग अडवून धरायचा. जो उजेड बाहेर पडतो तो दिसायला पांढरा-निळा, पण मोजला तर साध्यापेक्षा कमी. अंगणात उभी केलेली गाडी झकास दिसते. रस्ता दिसत नाही. उजेडाचा खरा आकडा ल्युमेनमध्ये असतो आणि तो खोक्यावर बारीक अक्षरात असतो, असला तर. पंचावन्न वॅटच्या डिपरचे साधारण हजार ल्युमेन.

आबांनी साधा घेतला. दुकानदाराला वाटलं, म्हातारा चिक्कू आहे.

निळ्या काचेचा बल्ब हे निदान सोंग होतं. त्यानंतर आलेला झेनॉनचा दिवा हे सोंग नव्हतं. त्यात तार नसते, वायूतून ठिणगी जळते. पस्तीस वॅटमध्ये तीन हजारांच्या वर ल्युमेन. कंपनीतून तो यायचा तेव्हा त्याचा रंग ४३०० केल्विनच्या आसपास असायचा, झोत बांधणारं भिंग असायचं. पण बाजारात त्याचे सुटे संच मिळायला लागले, आठ हजारी, दहा हजारी, निळे. आणि लोकांनी ते तारेच्या बल्बासाठी घडवलेल्या आरशात खुपसले. आरसा घडवलेला असतो तो तार नेमकी जिथं आहे तिथल्यासाठी. जागा हलली की डिपरची ती सुरीची कड जाते, उजेड सांडतो, आणि सांडतो तो समोरच्याच्या तोंडावर.

गळिताचा हंगाम होता, २०१२ च्या सुमाराचा. आमच्या पलीकडच्या माळावर बीडकडच्या ऊसतोडीवाल्यांच्या खोपी पडलेल्या. त्यातलं एक जोडपं पहाटे चारला टायरगाडी भरून कारखान्याकडं निघालं. तो पुढं बैलांपाशी, ती मोळ्यांवर बसलेली. सरळ रस्ता, चांदणं. मागून भाजीचा टेम्पो, कऱ्हाडच्या बाजाराला निघालेला, आमच्याच गावचा पोरगा चालवत होता. समोरून एक मोठी नवी गाडी आली, निळसर पांढऱ्या दिव्यांची. पोरानं दोनदा अप्पर-डिपर मारला. समोरच्यानं काही केलं नाही. पोरगा नंतर म्हणाला, "निस्तं पांढरं झालं. रस्ता बी न्हाई, कड बी न्हाई." ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दिपलेला डोळा सावरायला तीन सेकंद धरा, पन्नास मीटर झाले. त्या पन्नास मीटरांत टायरगाडी होती.

एक बैल जागीच गेला. बाई मोळ्यांवरून फेकली गेली, तिचा हात खांद्यापासून गेला तो नीट झाला नाही. कोयता धरणारा उजवाच हात. समोरची गाडी थांबलीही नाही. तिला कदाचित कळलंही नसेल.

पंचनाम्याला आबा पंच होते. हवालदारानं लिहिलं, "अंधारामुळे बैलगाडी न दिसल्याने." आबांनी सही करायला नकार दिला.

"अंधार कुठं व्हता? चांदणं व्हतं. उजेडामुळं लिवा."

हवालदार हसला. "आबा, उजेडामुळं अपघात झाला असं कुठं लिवत्यात व्हय?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी आबांनी सही केली, कारण बैलाची भरपाई कागदाविना मिळत नव्हती. कागदावर अंधारच राहिला. बीडच्या त्या माणसानं मुकादमाची उचल घेतलेली, बैल नाही म्हणजे हंगाम नाही, हंगाम नाही म्हणजे उचल पुढच्या वर्षावर. बाई पुढच्या वर्षी खोपीत दिसली, डाव्या हातानं वाडं बांधताना.

बैलाचे डोळे दिव्यात चमकतात, हिरवट निळे, हे रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ते समोरून. मागून येणाऱ्याला दिसतं ते पाचट, आणि पाचट चमकत नाही. इंग्लंडात पर्सी शॉ नावाच्या माणसानं १९३४ ला रस्त्यात बसवायच्या काचेच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं, आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवणारे. त्याला सगळे मांजराचे डोळे म्हणतात. आज ती चकाकती पट्टी हातभर मिळते आणि तिला बॅटरी लागत नाही, रॉकेल लागत नाही. त्या अपघातानंतर आबांनी एक रीळ आणलं आणि माळावरच्या सगळ्या टायरगाड्यांना मागून स्वतः पट्ट्या मारल्या. आखाचा कंदीलच तो, दुसऱ्या रूपात.

आता प्रामाणिकपणे पांढऱ्या उजेडाची बाजूही सांगितली पाहिजे. १८२० च्या दशकात पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय की सांज पडली की तांबडी फुलं आधी काळी पडतात आणि निळी उजळ दिसतात. परसात जास्वंद आणि गोकर्ण शेजारी असतील तर दिवेलागणीला बघा. अंधारात डोळा निळ्याकडं झुकतो. त्यामुळं कडेची हालचाल पांढऱ्या उजेडात जरा लवकर कळते, असं म्हणायला जागा आहे. पण तोच निळा भाग समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो, आणि वय झालेल्या डोळ्याला तर फारच. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या मानानं साधारण तिसरा हिस्सा, आणि वर भिंग गढूळ. आबांना मोतीबिंदू होता तेव्हा समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसायचं, चंद्राला पडतं तसं. ऑपरेशन झाल्यावर पट्टी काढली तर म्हणाले, "आरं, सगळं निळं दिसतंय की. धोतराला नीळ जास्त झाली का?" इतकी वर्षं पिवळ्या भिंगातून बघितल्यावर जग मूळ रंगात दिसायला लागलं होतं.

आणि पाऊस. ओल्या डांबरावर पांढरा उजेड आरशासारखा पुढं निसटतो असं आमचे सगळे ड्रायव्हर सांगतात. निसटतो पिवळाही, पण आमच्या घाटातल्या साइडपट्ट्या तांबड्या मातीच्या. ज्या उजेडात तांबडा भाग कमी, त्यात तांबडी माती मळकट दिसते आणि डांबर कुठं संपलं ते कळत नाही. ३२०० च्या उजेडात तांबडा भाग भरपूर, साइडपट्टी उठून दिसते. रस्ता बघून दिवा निवडायचा तो असा.

पुतण्यानं चार-पाच वर्षांमागं जुना पिकअप घेतला. दिवे मंद म्हणून साडेसहा हजार केल्विनचे एलईडी आणले, तेही तारेच्या आरशात बसणारे. आबा तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी भांडण केलं नाही. "एका डोळ्यात तुजा लाव, एका डोळ्यात माजा," म्हणाले. डाव्या दिव्यात एलईडी, उजव्यात साधा साठ-पंचावन्नचा हॅलोजन. त्याआधी दोन्ही काचा घासल्या. प्लास्टिकच्या काचा उन्हानं पिवळ्या पडलेल्या, निम्मा उजेड तिथंच मेला होता. टूथपेस्ट लावून फडक्यानं चोळल्यावर पुतण्या म्हणाला, "हे आधीच केलं असतं तर पैसं वाचलं असतं."

मग पिकअप चावडीच्या भिंतीपुढं पंचवीस फुटांवर उभा केला. हॅलोजनची कड भिंतीवर स्पष्ट, एलईडीचा ठिपका फुटलेल्या अंड्यासारखा पसरलेला, वर कौलापर्यंत. नंतर गाडी रस्त्याकडं वळवून मला काळं घोंगडं पांघरून चालत जायला लावलं. एकदा एक दिवा झाकून, एकदा दुसरा. एलईडीत गाडीपुढचे वीस पावलं दिवसासारखे लख्ख, आणि त्या लख्खपणामुळं पलीकडचा अंधार जास्तच काळा. मी सत्तर पावलांवर नाहीसा झालो. हॅलोजनमध्ये शंभराच्या पुढं गेलो तरी पुतण्या ओरडत होता, "दिसताय काका, दिसताय."

कंपनीतनंच एलईडी बसवून आलेल्या गाड्यांचं गणित निराळं, हे आबांनीही मान्य केलं. तिथं आरसा, भिंग, दिवा एकमेकांसाठी घडवलेले असतात, कड असते. पांढरा घ्यायचाच तर ४००० ते ४३०० च्या आतबाहेर थांबावं, त्यावर निळंच. आणि मागं माल भरला की गाडीचं तोंड वर होतं, डिपर अप्पर होतो, त्यामुळं भरलेल्या गाडीचा झोत भरलेल्या गाडीनंच जुळवायचा. हे शेवटचं पुतण्याला तेव्हा पटलं जेव्हा मागं वीस पोती चढवल्यावर भिंतीवरची कड हातभर वर सरकली.

त्या रात्री आबांनी चावडीच्या भिंतीवर कोळशानं दोन रेघा मारल्या. खालची रिकाम्या गाडीची, वरची भरलेल्या. बोलता बोलता गावातल्या बाकीच्या गाड्याही तिथं दिवे जुळवायला यायला लागल्या, वडापच्या जीपा, ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात रात्री तिथं रांग लागायची आणि आबा खुर्ची टाकून बसायचे. मागच्या दिवाळीला ग्रामपंचायतीनं चावडी रंगवली. रेघा तेवढ्या सोडा म्हणून सांगितलं होतं, पण रंगाऱ्याच्या पोरानं त्यावरून हात फिरवला. मग पुतण्यानं पिकअप उभा केला आणि नव्या रंगावर खिळ्यानं कोरून घेतल्या.